टपाल नेणारी विमानं: सांगली-साताऱ्यात मला हमखास विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं विमान टपालाची तिकिटं आणि पाकिटं घेऊन मी सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा अशा ठिकाणच्या शाळांतून आणि वाचनालयांतून फिरतोय. प्रश्न ठरलेले असतात. वडील मिरजेला आर.एम.एस.मध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे शाखेत, पत्रं गावांनुसार वेगळी लावणारे सॉर्टर होते, त्यामुळे काही उत्तरं त्यांच्याकडून ऐकलेली आहेत. दर वेळी घसा कोरडा करण्यापेक्षा एकदा लिहूनच ठेवलेलं बरं.

विमानाने टपाल सगळ्यात आधी कुठे गेलं? अमेरिकेत ना?

नाही. आपल्याकडे, अलाहाबादला. १८ फेब्रुवारी १९११. हे सांगितलं की मुलं आधी हसतात, मग शिक्षक हसतात, आणि मग कुणीतरी मोबाइलवर बघून खात्री करून घेतं.

अलाहाबादला तेव्हा मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे दाखवायला विमानं बोटीने, सुटे भाग करून आणली होती. वॉल्टर विंडहॅम नावाच्या साहेबाच्या डोक्यात आलं की नुसत्या घिरट्या घालण्यापेक्षा टपाल नेऊन दाखवू. आँरी पेके हा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन उडाला, यमुना ओलांडून नैनीला उतरला. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ तेरा मिनिटं. विमान हंबर-सोमर, दोन पंखी, इंजिन पन्नास अश्वशक्तीचं. आज आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांचं इंजिन तेवढं असतं. पत्रामागे सहा आणे जादा घेतले आणि ते पैसे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला दिले. शिक्का किरमिजी रंगाचा, त्यावर विमानाचं चित्र.

ठरावीक ठिकाणाहून ठरावीक ठिकाणी, टपाल खात्याच्या संमतीने विमानाने नेलेलं हे जगातलं पहिलं टपाल. इंग्लंडात हेंडन ते विंडसर हे उड्डाण त्याच वर्षी सप्टेंबरात झालं.

त्याआधी आकाशातून पत्रं जातच नव्हती?

जात होती, पण विमानाने नाही. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला होता तेव्हा लोकांनी बलून सोडून पत्रं बाहेर पाठवली. बलूनची अडचण अशी की ते वारा नेईल तिकडे जातं. पत्ता पत्रावर असून उपयोग काय?

टपाल विमान म्हणजे वेगळ्या जातीचं विमान असतं का?

सुरुवातीला नव्हतं. मिळेल ते विमान घ्यायचं, पुढची खुर्ची काढायची आणि तिथे थैल्या कोंबायच्या. अमेरिकेने १५ मे १९१८ ला वॉशिंग्टन-न्यूयॉर्क सेवा सुरू केली तेव्हा घेतलेलं कर्टिस जेनी हे मुळात वैमानिकांना शिकवायचं विमान. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्सन स्वतः बघायला आले होते. इंजिन काही सुरू होईना. मग लक्षात आलं की टाकीत पेट्रोलच नाही. पेट्रोल भरून बॉयल नावाचा वैमानिक उडाला तो उत्तरेऐवजी आग्नेयेकडे, आणि थोड्याच वेळात एका शेतात उतरताना विमान उलटं झालं. याच विमानाच्या चित्राचं चोवीस सेंटचं तिकीट काढलं होतं आणि एका पानावर, म्हणजे शंभर तिकिटांवर, विमान उलटंच छापलं गेलं होतं. तिकीट आधी उलटलं, विमान नंतर. आज ते 'उलटं जेनी' जगातल्या सगळ्यात महागड्या तिकिटांत गणलं जातं. माझ्याकडे त्याची रंगीत झेरॉक्स आहे, ती मी मोठ्या दिमाखात दाखवतो.

मग आलं डी हॅविलँड डी.एच.४. पहिल्या महायुद्धात बॉम्ब टाकण्यासाठी केलेलं हे विमान. इंजिन आणि पेट्रोलची टाकी यांच्यामधोमध वैमानिक नको म्हणून टपाल खात्याने वैमानिकाला मागच्या खुर्चीत सरकवलं आणि पुढच्या जागेत टपालाचा कप्पा केला. माझ्या मते खऱ्या अर्थाने टपालासाठी घडवलेलं विमान इथून सुरू होतं. नवीन यंत्र बनवून नव्हे, तर माणूस कुठे बसेल आणि थैली कुठे बसेल याचा विचार करून.

१९२७ च्या बोइंग ४०ए मध्ये तर गंमतच आहे. मध्ये टपाल, त्याच्याजवळ पेटीएवढ्या बंद खोलीत दोन प्रवासी, आणि वैमानिक मागे उघड्यावर, थंडी-पाऊस खात. प्रवासी हे वरकड उत्पन्न होतं. कंपनीचं पोट टपालावर चालायचं, कारण सरकार वजनावर पैसे देत असे. त्या काळात काही कंपन्या वजन वाढवायला स्वतःलाच टेलिफोनच्या जाड डिरेक्टऱ्या पोस्टाने पाठवायच्या असं सांगतात. उसाच्या गाडीला काट्यावर जाण्याआधी पाणी मारण्याचे किस्से आपल्याकडे ऐकलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

टाटांचं विमान आपल्या डोक्यावरून गेलं होतं का?

हा प्रश्न मला विट्याच्या एका मुलाने विचारला आणि मी नकाशा घेऊन बसलो. त्याचं उत्तर जरा सावकाश देतो.

लंडनहून इम्पिरियल एअरवेजचं टपाल १९२९ पासून विमानाने कराचीपर्यंत येत होतं. कराचीत थैल्या रेल्वेत पडायच्या आणि पुढचे दिवसचे दिवस डब्यात काढायच्या. हजारो मैल उडत आलेलं पत्र शेवटच्या टप्प्यात आगगाडीत बसून राहायचं. ही फट नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने हेरली आणि टाटांकडे योजना नेली. जे.आर.डी. टाटांकडे भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना होता, १९२९ चा.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६:३५ ला जे.आर.डी. कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून निघाले. विमान पुस मॉथ: एक इंजिन, वर एक पंख, वैमानिक धरून दोघा-तिघांची जागा, आणि धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. सोबत पंचावन्न पौंड टपाल, म्हणजे पंचवीस किलो. आपल्याकडे हळदीचं एक पोतं याच्या दुप्पट भरतं. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. दुपारी १:५० ला जे.आर.डी. जुहूला उतरले. तिथून पुढे व्हिन्सेंट बळ्ळारीमार्गे मद्रासला गेले.

आता नकाशा. मुंबई ते बळ्ळारी पट्टी ठेवून रेघ ओढा. ती साताऱ्याच्या पूर्वेला कोरेगाव आणि वडूज यांच्यामधून उतरते, विटा-आटपाडीच्या मधून खाली येते आणि कवठे महांकाळ-जतच्या पट्ट्यावरून कर्नाटकात जाते. वैमानिक काही पट्टीवरून उडत नाही, वारा-ढग बघून दहा-वीस मैल इकडेतिकडे सरकतो. पण खटाव, खानापूर, जत हा सगळा दुष्काळी मुलूख त्या वाटेत येतो, यात काही वाद नाही. पाऊस पाडणाऱ्या ढगाची वाट बघत आभाळाकडे डोळे लावून बसायची सवय असलेल्या गावांवरून कापडाचं विमान पत्रं घेऊन जायचं. विट्याच्या त्या मुलाला मी म्हटलं, "तुझ्या पणजोबांनी बघितलं असेल बघ." तो म्हणाला, "काका, पणजोबा तवा बैलं घेऊन रानात असणार, वर बघायला सवड कुठली?"

पावसाळ्यात ते जुहूला कसे उतरायचे?

उतरायचेच नाहीत. जुहू म्हणजे समुद्राकाठचं चिखलाचं मैदान, पावसाळ्यात पाण्याखाली. मग बाडबिस्तरा पुण्याला हलायचा, येरवड्याच्या मैदानावर, तुरुंगाच्या सावलीत. चार महिने पुणं हेच त्यांचं ठाणं. रेडिओ नाही, वाट दाखवणारं कोणी नाही, सह्याद्रीवर ढग बसलेले. ज्यांनी जुलैत खंबाटकी नाहीतर पसरणीचा घाट गाडीने चढलाय त्यांना समोर काही दिसत नाही म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तरीही वेळापत्रक पाळल्याबद्दल या सेवेचं सरकारदरबारी कौतुक झालं.

पहिल्या पूर्ण वर्षात त्यांनी १,६०,००० मैल उड्डाण केलं, पावणेअकरा टन टपाल नेलं आणि प्रवासी नेले १५५. आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. आज ज्याला आपण एअर इंडिया म्हणतो तिचा जन्म टपालाच्या थैलीत झाला. माणसं मागून चढली.

आपल्याकडे विमानतळ नव्हता, मग सांगलीचं पत्र विमानाने कसं जायचं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. कारण विमान टपालाचा बराचसा प्रवास जमिनीवरच होतो, आणि घोळही बहुतेक तिथेच होतात.

सांगलीच्या पेटीत पडलेलं पत्र आधी मिरजेला यायचं. मिरज जंक्शनवर एके काळी रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही मापांचे रूळ होते. एका गाडीतून थैल्या उतरवायच्या, दुसरीत चढवायच्या. वडील सांगायचे की सॉर्टरच्या पुढ्यात भिंतभर खण असतात आणि पत्र हातात आल्यावर डोळ्याने पत्ता वाचायचा नसतो, "हाताने वाचायचा". म्हणजे कलकत्ता शब्दाचा 'क' दिसला की हात आपोआप त्या खणाकडे गेला पाहिजे. खण भरला की गठ्ठा बांधायचा, वर पट्टी, गठ्ठा थैलीत, थैलीचं तोंड सुतळीने आवळायचं, लाख वितळवून सील. वडिलांच्या उजव्या अंगठ्यावर लाखेच्या चटक्याचा एक गुळगुळीत डाग होता. निवृत्तीनंतरही गेला नाही.

तिथून रात्रीच्या गाडीने पुणं नाहीतर मुंबई, आणि मग विमान. गाडी लेट झाली की विमान गेलं. गाडीसाठी विमान थांबत नसे, पुढच्या चार शहरांची माळ त्याला बांधलेली असायची.

ती नागपूरची रात्रीची विमानं खरी होती की दंतकथा?

अगदी खरी. ३० जानेवारी १९४९ ला 'नाइट एअर मेल' सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. तिथे थैल्यांची अदलाबदल. मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या. आणि मग प्रत्येक विमान आल्या वाटेने परत, पहाटेपर्यंत आपापल्या घरी. संध्याकाळी मुंबईत पडलेलं पत्र सकाळी कलकत्त्याच्या पोस्टमनच्या हातात.

सुरुवातीला डाकोटा विमानं होती. युद्ध संपल्यावर ती स्वस्तात मिळत होती. त्याच वर्षी, दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाईंच्या काळात, देशातली साधी पत्रंसुद्धा जादा पैसे न घेता विमानाने न्यायचं धोरण आलं. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या माणसाला कळायचंही नाही की आपलं कार्ड रात्रीत नागपूर बघून आलं.

आजच्या कुरियर कंपन्या 'हब' म्हणून जे मिरवतात ते हेच. पाऊण शतकापूर्वी आपण ते डाकोटात बसवलं होतं. नागपूरच का? नकाशावर देशाच्या मधोमध बोट ठेवा.

रडार नसताना रात्री रस्ता कसा सापडायचा?

दिवसा आगगाडीचे रूळ बघत. रात्री जीव मुठीत धरून. फेब्रुवारी १९२१ मध्ये अमेरिकेत जॅक नाइट नावाचा वैमानिक (आडनावच 'रात्र' कानावर पडावं असं!) नॉर्थ प्लॅटहून ओमाहाला आणि तिथून, पुढचा वैमानिक आलाच नाही म्हणून, कधीही न उडलेल्या वाटेने शिकागोला गेला. वाटेतल्या गावांनी त्याच्यासाठी शेकोट्या पेटवल्या होत्या. पुढे सरकारने दिव्यांचे मनोरे उभारले आणि जमिनीवर काँक्रीटचे मोठमोठे बाण ओतले. त्यातले काही बाण आजही माळावर पडलेले आहेत.

वैमानिक मरायचे का?

हो. अमेरिकन टपाल खात्याने १९१८ ते १९२७ स्वतः सेवा चालवली, त्यात तीसहून जास्त वैमानिक गेले. पुढे अटलांटिक एकट्याने ओलांडणारा लिंडबर्ग आधी टपाल वैमानिकच होता. सेंट लुइस-शिकागो मार्गावर त्याला दोनदा रात्री विमान सोडून पॅराशूटने उडी मारावी लागली.

फ्रेंचांच्या एअरोपोस्टाल कंपनीची माणसं तर वेगळ्याच मातीची. जून १९३० मध्ये आँरी गियोमे हिमवादळात अँडीज पर्वतात उतरला. विमान उलटलं. तो पाच दिवस बर्फातून चालत खाली आला. झाँ मेर्मोझने त्याच वर्षी दक्षिण अटलांटिक ओलांडून टपाल नेलं आणि १९३६ च्या डिसेंबरात त्याच समुद्रावर तो नाहीसा झाला.

एका मुख्याध्यापिकाबाईंनी मला विचारलं होतं, "पत्रासाठी एवढं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना बसमध्ये सुचलं: थैलीत काय आहे हे वैमानिकाला कधीच माहीत नसतं. मयताची खबर असेल, कोर्टाचा कागद असेल, नाहीतर कुणाच्या लग्नाचा होकार. सगळ्या थैल्या सारख्याच.

एअरमेलचा कागद एवढा पातळ का असायचा?

वजन. ब्रिटिश काळात एअरमेलचा दर अर्ध्या तोळ्याच्या टप्प्याने चढायचा. सराफ कट्ट्यावर वाढलेल्या सांगलीकरांना तोळा समजवायला नको, पण नव्या मुलांसाठी: अर्धा तोळा म्हणजे पावणेसहा ग्रॅमच्या जरा वर. झेरॉक्सचा एक साधा ए-फोर कागद पाच ग्रॅमचा असतो. म्हणजे एक कागद ठेवला की पाकिटाला जागाच उरली नाही. मी वर्गात छोटा तराजू नेतो आणि मुलांना अर्ध्या तोळ्यात पत्र बसवायला सांगतो. आधी समास जातो, मग "तुमचा आज्ञाधारक" जातं, मग अक्षर बारीक होतं. पातळ कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेलं ते किडामुंगी अक्षर कंजूषपणाचं नव्हतं, हे तेव्हा कळतं.

पाकिटाच्या कडेचे तिरके रंगीत पट्टे दुरून ओळखू यावं म्हणून. निळ्या चिठ्ठीवरचं 'पार आव्हियों' हे फ्रेंच, अर्थ 'विमानाने'. जागतिक टपाल संघटनेची भाषा फ्रेंच असल्यामुळे. आणि हो, आपलं आंतरदेशीय पत्र म्हणजे एरोग्राम नव्हे. दोन्ही निळसर आणि घडीचे असले तरी एरोग्राम परदेशासाठी.

सैनिकांची पत्रं विमानाने येतात का?

साताऱ्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या घरात कुणीतरी फौजेत असतंच. अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे. त्या युद्धात पत्रं बोटीनेच यायची. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून 'एअरग्राफ' निघाला: ठरावीक फॉर्मवर पत्र लिहायचं, त्याचा बारीक फिल्मवर फोटो घ्यायचा, विमानाने फक्त फिल्म न्यायची आणि पोचल्यावर मोठा फोटो काढून वाटायचा. पन्नास पौंडांची पत्रं काही औंसांत मावायची. व्हॉट्सअॅपवर पत्राचा फोटो पाठवण्याचीच ही जुनी आवृत्ती.

स्वातंत्र्यानंतर '५६ ए.पी.ओ.' आणि '९९ ए.पी.ओ.' (ए.पी.ओ. म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस) हे पत्ते आपल्या भागात पाठ असलेल्या बायका घराघरात भेटतील. गाव नाही, जिल्हा नाही, नुसता नंबर, नाव आणि पलटण. सैनिक कुठे आहे हे पाकिटावरून कळू नये म्हणून. लडाखसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्ता बंद झाला की विमानाचाच आधार. कोरेगावजवळच्या एका आजींनी मला सांगितलं, "पत्र उशिरा आलं तर वाईट वाटायचं न्हाई. दोन एकदम आली तर जीव खाली पडायचा. म्हंजी मधी विमान उडलं न्हवतं, एवढंच."

आजोबांच्या पेटीत विमानाचं जुनं पाकीट सापडलंय. किती येतील?

फोनवर किंमत सांगणाऱ्यापासून लांब राहा, माझ्यासकट.

आधी तिकीट बघा. विमान टपालासाठी खास तिकिटं भारताने १९२९ मध्ये काढली, नाशिकच्या छापखान्यात छापलेली. पंचम जॉर्जचं डोकं आणि शेजारी हर्क्युलस विमान. दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंत सहा किमती. त्यातल्या काही तिकिटांवर झाडाचा शेंडा छापायचा राहिलाय. लोक भिंग घेऊन तो न छापलेला शेंडा शोधत बसतात. मीही त्यातलाच.

मग तारीख जुळवा. इथे माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी १५ ऑक्टोबर १९३२ चं, टाटांच्या पहिल्या उड्डाणाचं म्हणून पाकीट घेतलं. बाराशे रुपये. शिक्का सुरेख, कागद पिवळा पडलेला, तिकिटावर ताजमहाल. दोन वर्षं मी ते शाळाशाळांत मिरवलं. एकदा मिरजेत आठवीतली एक मुलगी माझाच कॅटलॉग चाळत बसली होती. तिने हात वर केला. "सर, हे ताजमहालवालं तिकीट पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाचं आहे. ते १९३५ ला निघालं. मग ते १९३२ ला पाकिटावर कसं चिकटवलं?" वर्गात शांतता. मग मी हसलो, मग सगळा वर्ग. ते पाकीट मी अजून नेतो, पण आता 'चूक ओळखा' म्हणून.

अलाहाबादच्या १९११ च्या पाकिटांचीही नक्कल भरपूर आहे. तुमच्याकडे असेल तर जाणकाराला दाखवा. आणि पाण्यात भिजवून तिकीट सोडवू नका, हात जोडून सांगतो. पाकिटासकट असेल तरच त्याला अर्थ.

आता पत्रं विमानाने जातात का?

जातात, पण बहुतेक वेळा स्वतंत्र टपाल विमानाने नाही. तुम्ही मुंबईहून दिल्लीला जाता तेव्हा तुमच्या पायाखालच्या कप्प्यात बॅगांशेजारी टपालाच्या थैल्या असू शकतात. ईशान्य भारतासाठी टपाल खात्याने २००७ मध्ये बोइंग ७३७ मालवाहू विमान लावलं होतं. १९३२ ला टपालाच्या विमानात सवड असली तर माणूस बसायचा, आता माणसांच्या विमानात सवड असली तर टपाल.

ड्रोन येणार म्हणतात?

मे २०२२ मध्ये कच्छमध्ये चाचणी झाली. भुज तालुक्यातून भचाऊ तालुक्यात, ४६ किलोमीटर, पंचवीस मिनिटं, औषधांचं पार्सल. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांना, पावसाळ्यात तुटणाऱ्या पाटण-जावळीच्या गावांना ड्रोनने औषध गेलं तर मला आवडेल. विजेचं बिल मात्र पोस्टमनच आणून देईल तर बरं.

कराडला किंवा कवलापूरला टपालाचं विमान उतरेल का?

कराडची धावपट्टी १९५५ ची, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली. सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीवर विमानतळ हवा अशी मागणी कितीतरी निवडणुका ऐकतोय. होवो बापडा. पण टपालासाठी त्याची गरज नाही, असं माझं मत. पुणं रस्त्याने काही तासांवर आहे. थैली विमानात चढवणं, उतरवणं, तपासणं यातच तेवढा वेळ जाईल. विमान लांबच्या पल्ल्याला. जवळच्या पल्ल्याला टपालाची लाल गाडी, आणि तिच्या पुढे सायकल.

वडिलांना हे विचारलं असतं तर त्यांनी आधी मिरजेहून गाडी किती वाजता सुटते ते विचारलं असतं.